एक सर्व्हर, सोळा पडदे आणि सगळेच अडखळतात : रिमोट डेस्कटॉप कसा सुधारावा?

मास्तर_तालुक्याचे | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

आमचं तालुक्याच्या गावातलं कॉलेज. प्रयोगशाळेत सोळा जुनी यंत्रं आहेत, २ जीबी रॅमची. त्यांच्यावर आजचा ब्राउझर उघडायला टाकावा आणि चहा पिऊन यावं अशी गत. म्हणून मी डोकं लढवून एक सेकंडहँड सर्व्हर घेतला, १६ कोअर, ६४ जीबी रॅम. त्यावर डेबियन १२ (लिनक्स), जीनोम (डेस्कटॉपचा चेहरा) आणि एक्सआरडीपी (सर्व्हरचा पडदा दुसऱ्या यंत्रावर पाठवणारं सॉफ्टवेअर). जुन्या यंत्रांवर फक्त तो पडदा दाखवणारं फ्रीआरडीपी चालतं. पोरं बसतात जुन्या यंत्रापुढे, काम चालतं सर्व्हरवर. पैसे वाचले, प्राचार्य खूश, मी हिरो.

ते सुख आता संपलंय. तक्रारी अशा :

पाच-सहा पोरं असतात तोवर मक्खन. बारा झाली की ब्राउझरमध्ये पान वर सरकवलं तर ते तुकड्यातुकड्यांनी येतं, अंगावरची शाल ओढल्यासारखं.

दुसरी तक्रार भुताटकीची आहे. पोरगं सोमवारी फाइल उघडी ठेवून नुसती खिडकी बंद करून जातं. मंगळवारी येतं तर डेस्कटॉप कोरा. फायरफॉक्स उघडायला गेलं की म्हणतो, आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही. बुधवारी तेच पोरगं येतं आणि सोमवारचं सगळं जसंच्या तसं समोर!

मी नेटवर वाचून दोन उपाय केले. आठ यंत्रांवर रंग ३२ बिटांऐवजी १६ बिट केले (म्हणजे निम्मा डेटा), आणि सेटिंगच्या फाइलमध्ये टीसीपी सेंड बफर (पाठवायचा डेटा तात्पुरता साठवायची जागा) ४१९४३०४ बाइट केला. फरक शून्य, झाला असेल तर वाईटच. आता संस्थेने नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलंय, साडेचार लाखांचं. ते पैसे ग्रंथालयाच्या वाट्यातून जाणार आहेत, म्हणून जीव तुटतोय. काय करावं?

---

टवाळ | सोमवार, रात्री १०:०४

सोमवारचं बुधवारी दिसतं म्हणजे मंगळवारी सर्व्हरचा उपास असणार. साबुदाणा घालून बघा.

---

पडद्यामागचा | सोमवार, रात्री १०:३१

मास्तर, कोटेशन आधी ड्रॉवरमध्ये टाका. बोलू आपण.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय, तर सर्व्हर एक चित्र काढतो, त्यातला बदललेला भाग हुडकतो, तो दाबून लहान करतो, तारेवरून पाठवतो, आणि पलीकडचं यंत्र तो उलगडून दाखवतं. या पाचांपैकी नेमकं कुठे घोडं अडलंय ते न बघता लोक थेट सर्व्हर बदलतात. पाय मुरगळला म्हणून चष्मा बदलण्यातला प्रकार.

हिशेब करून बघा. १३६६ बाय ७६८ चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एक पूर्ण चित्र साधारण ४.२ एमबी. तुमची तार १०० एमबीपीएसची असेल तर तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी जातात. म्हणजे न दाबलेली तीन चित्रं, तीही एकाच पोराला. त्यामुळे दाबणं कसं होतंय यावर सगळा खेळ आहे. गिगाबिट असेल तर दहापट जागा मिळते.

तीन गोष्टी बघून कळवा :
१. बारा पोरं बसलेली असताना टॉप ही आज्ञा लावा. कोण प्रोसेसर खातंय? जीनोम-शेल, एक्सऑर्ग, एक्सआरडीपी की फायरफॉक्स?
२. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा वेग ईथटूल या आज्ञेने बघा. "गिगाबिटच आहे हो" असं तोंडी उत्तर नको.
३. फ्रीआरडीपीची पूर्ण आज्ञा इथे टाका, सगळ्या पर्यायांसकट.

आणि सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे का? नसणारच. मग जीनोम ही चैन आहे. जीनोमला सावल्या, सरकत्या खिडक्या काढायला ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर एलएलव्हीएमपाइप नावाचं सॉफ्टवेअर ते सगळं प्रोसेसरवर रंगवतं. सोळा पोरांचे सोळा जीनोम, प्रत्येकाच्या सावल्या तुमचे कोअर रंगवतायत.

---

म्युनिककर | सोमवार, रात्री ११:५८

पडद्यामागच्यांशी सहमत. एक जुनी आठवण, थोडी अवांतर.

मी पुण्यात असताना अमेरिकेतल्या क्लायंटच्या मशीनवर एसएसएचमधून (सुरक्षित दूरजोडणीतून) एक्सची (लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर काढणाऱ्या व्यवस्थेची) खिडकी ओढून काम करायचो. पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, अडीचशे मिलिसेकंद. मेनूवर क्लिक केलं की मेनू उघडेपर्यंत शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलून व्हायचं. वेग कमी म्हणून नाही बरं का, लाइन चांगली होती. एक्सचा स्वभावच असा की पलीकडचा प्रोग्रॅम माझ्याकडच्या एक्सला एक प्रश्न विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचा प्रश्न. एका मेनूला अशा वीस-तीस फेऱ्या. प्रत्येक फेरी अडीचशे मिलिसेकंदांची. मग कोणीतरी एनएक्स दाखवलं. ते या फेऱ्या मधल्यामध्ये गिळायचं आणि तीच लाइन एकदम पळायला लागली.

म्हणून वेग आणि विलंब वेगळे धरा. मास्तरांची प्रयोगशाळा एकाच खोलीत आहे, तिथे विलंबाचा प्रश्न नसणार.

---

काटेकोर | मंगळवार, सकाळी ७:१५

सेंड बफरबद्दल. तो ४१९४३०४ चा नुस्खा वर्षानुवर्षं एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर चिकटवला जातोय आणि कशासाठी ते कुणी सांगत नाही.

तारेत एका वेळी मावणारा डेटा म्हणजे वेग गुणिले विलंब. १०० एमबीपीएस आणि ५० मिलिसेकंद धरले तर ६२५ केबी. एका खोलीतल्या जाळ्यात विलंब १ मिलिसेकंद धरला तरी १२.५ केबी. तिथे ४ एमबीचा बफर म्हणजे वाटीभर पाण्याला टाकी.

लांबच्या, जाड लाइनवर त्याचा उपयोग होऊ शकतो, नाही म्हणत नाही. बारीक लाइनवर मात्र उलटतो. घरून ४ एमबीपीएसच्या मोबाइल नेटवर कोणी जोडलं आणि तो बफर तुडुंब भरला, तर त्यात आठ सेकंदांची शिळी चित्रं साठतात. माउस हलवला तो आत्ता, दिसेल आठ सेकंदांनी. ती ओळ काढून टाका.

---

लेजरवाली | मंगळवार, सकाळी ११:२०

मी सीए ऑफिसात आहे, आमच्याकडे टॅली रिमोटवर चालतं. वेगाचं तुम्ही जाणकार बघताय, मी फक्त हात जोडून एक सांगते : बाहेरून जोडायची सोय केली असेल तर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) इंटरनेटवर उघडा टाकू नका.

आमच्या आधीच्या सेवा देणाऱ्याने तो उघडा ठेवला होता, पासवर्ड होता फर्मचं नाव आणि १२३. एका शनिवारी रात्री सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. रिटर्न भरायचे दिवस. बॅकअप होता, पण तो त्याच सर्व्हरला लावलेल्या डिस्कवर, म्हणजे तोही गेला. अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी व्हाउचरं हातात धरून पुन्हा मारली. माझ्या बोटांना अजून ती नोंद-नोंद-एंटर लय आठवते.

आता व्हीपीएन लावलंय, आत शिरल्याशिवाय रिमोट डेस्कटॉप दिसतच नाही.

---

पडद्यामागचा | मंगळवार, दुपारी १२:०२

लेजरवाली ताई, +१००. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भगदाड निघालं तेव्हा पासवर्ड चांगला असूनही उपयोग नव्हता, लॉगिनच्या आधीच आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसारख्या आधार बंद झालेल्या विंडोजसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून समजा. ते भगदाड विंडोजचं होतं, एक्सआरडीपीचं नाही. पण उघडं दार ते उघडं दार. वायरगार्ड हे व्हीपीएन लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे २०२० पासून, अर्ध्या तासात लागतं.

---

मास्तर_तालुक्याचे | मंगळवार, सायंकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार. व्हीपीएन आधीपासून आहे, तेवढं एक शहाणपण केलं होतं.

तपासणीचा अहवाल. तेरा पोरं बसवून टॉप लावलं. वरून खाली तेरा जीनोम-शेल, मुंग्यांची रांग. मध्ये फायरफॉक्स. प्रोसेसरचे सोळाही कोअर लाल.

ईथटूलची गोष्ट ऐका. मी छातीठोकपणे सांगणार होतो की गिगाबिट आहे, कारण स्विच गिगाबिटचा मीच निवडला, बिल माझ्या सहीचं आहे. आज्ञा मारली आणि समोर ओळ : वेग १०० एमबी प्रति सेकंद. कार्ड गिगाबिट, स्विच गिगाबिट, जोडणी शंभरची! केबल बदलली, लगेच १००० दिसलं. जुनी केबल बाहेर ओढली तर कपाटामागे बोटभर जागी वरचं कातडं कुरतडलेलं, आत तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली. उंदीर. ग्रंथालयाचा उंदीर आमच्याकडे शिकायला येतोय.

माझा प्रश्न : तार तुटली तर जोडणी बंदच पडायला हवी होती ना?

फ्रीआरडीपीची आज्ञा : आठ यंत्रांवर बीपीपी (रंगांचे बिट) १६, आठांवर बीपीपी ३२. नेटवर्कचा पर्याय कुठेच दिलेला नाही, आरएफएक्सचाही नाही.

---

काटेकोर | मंगळवार, सायंकाळी ७:०५

नाही. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी तुटली की दोन्ही टोकं आपसात बोलून "शंभरवर भागवू" असं ठरवतात आणि कुणाला काही कळवत नाहीत. स्विचवरच्या दिव्याचा रंग बदलतो, पण तो बघतो कोण?

---

पडद्यामागचा | मंगळवार, रात्री ९:१८

मास्तर, उंदीर सापडला हे उत्तमच, पण खरी गंमत तुमच्या आज्ञेत आहे. भुताटकीही तिथेच आहे.

१६ बिटांनी निम्मा डेटा, हे न दाबलेल्या चित्राला खरं. पण एक्सआरडीपीकडे रिमोटएफएक्स (तेच आरएफएक्स) नावाचा चांगला दाबणारा कोडेक आहे, आणि तुमच्या डेबियन १२ मधल्या ०.९ मालिकेत तो वापरात यायला अटी आहेत : रंग २४ बिटांपेक्षा कमी नकोत, क्लायंटने (पोरापुढच्या यंत्राने) जोडणी लॅन (जागेवरचं वेगवान जाळं) म्हणून कळवलेली हवी, आणि क्लायंटने तो कोडेक मागितलेला हवा. यातलं एक चुकलं की एक्सआरडीपी मुकाट्याने जुन्या बिटमॅप पद्धतीवर उतरतं. ती पद्धत सपाट रंगाच्या खिडक्यांना ठीक, फोटो असलेल्या पानाला अगदी वाईट. म्हणजे तुम्ही डेटा वाचवायला म्हणून १६ केलं आणि दाबायचं यंत्रच बंद पाडलंत. उरलेल्या आठांवरही ते कधी सुरू नव्हतं.

आता भूत. एक्सआरडीपीचा सत्र-व्यवस्थापक, सेसमन, जुनं सत्र (लॉगिनचा चालू डेस्कटॉप) परत जोडून देताना काय जुळवतो? वापरकर्त्याचं नाव आणि रंगांचे बिट. पोरगं सोमवारी ३२ बिटांच्या यंत्रावर बसलं, मंगळवारी १६ च्या, बुधवारी परत ३२ च्या. मंगळवारी सेसमनने पाहिलं, याच नावाचं १६ बिटांचं सत्र नाही, म्हणून नवं कोरं उघडून दिलं. सोमवारचं सत्र मागे जिवंतच होतं, त्यातला फायरफॉक्स प्रोफाइल धरून बसलेला. म्हणून "आधीच चालू आहे".

पीएस या आज्ञेने बघा, एकाच पोराचे दोन-दोन एक्सऑर्ग सापडतील. तेरा पोरांचे किती जीनोम चालू होते देव जाणे.

---

टवाळ | मंगळवार, रात्री ९:२५

म्हणजे साबुदाण्याची गरज नाही?

---

मास्तर_तालुक्याचे | मंगळवार, रात्री १०:४४

आत्ता घरून बघितलं. प्रयोगशाळा बंद, दिवे बंद, सर्व्हरवर एकवीस सत्रं. त्यात एक पोरगी गेल्या वर्षी पास होऊन गेली, तिचा जीनोम अजून शिकतोय.

हसू येतंय आणि लाजही वाटतेय. आठ यंत्रांवरचा प्रयोग माझाच. भुताटकी त्याच आठवड्यात सुरू झाली होती, पण दोन्हीची सांगड घातली नाही.

---

पडद्यामागचा | मंगळवार, रात्री ११:१०

आम्ही सगळे तिथून गेलोय, लाजायचं काय त्यात.

उद्या हे करा. सोळाही यंत्रांवर एकच आज्ञा : बीपीपी ३२, नेटवर्क लॅन, आरएफएक्स. जीनोम काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आणि त्यात विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटरची खूण काढा, नाहीतर सावल्या परत येतील. फायरफॉक्समध्ये स्मूथ स्क्रोलिंग बंद. एकदा चाक फिरवलं की तो गुळगुळीत दिसावं म्हणून मधली कितीतरी चित्रं काढतो. स्वतःच्या पडद्यावर ते छान दिसतं, इथे त्यातलं प्रत्येक चित्र दाबून तारेवरून न्यावं लागतं.

सेसमनच्या फाइलमध्ये किलडिसकनेक्टेड (सोडून दिलेली सत्रं बंद करायचा पर्याय) खरं करा आणि डिसकनेक्टेडटाइमलिमिट सेकंदांत द्या. दोन तासिकांमध्ये पोरं परत येतात, तेव्हा ७२०० ठेवा. आधी सूचना फलकावर लावा, नाहीतर कोणाचा तरी प्रकल्प जाईल आणि पालक तुमच्या दारात.

---

म्युनिककर | बुधवार, रात्री १२:२०

स्क्रोलिंगबद्दल एक. व्हीएनसी हे रिमोट डेस्कटॉपचं जुनं साधन केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून १९९८ च्या सुमारास बाहेर आलं तेव्हा त्यात कॉपीरेक्ट नावाची एक देखणी युक्ती होती. खिडकी सरकली तर चित्र परत पाठवायचंच नाही, "तुझ्याकडचाच हा चौकोन उचलून तिथे ठेव" एवढंच सांगायचं. मोजके बाइट. टर्मिनल त्यामुळे पाण्यासारखं सरकायचं.

आता ब्राउझर स्वतःच्या मेमरीत पूर्ण पान रंगवतो आणि तयार चित्र एक्सच्या हातात ठेवतो. एक्सला कळतच नाही की हे जुनंच पान तीन ओळी वर गेलंय. त्याच्या दृष्टीने सगळे ठिपके नवे. यंत्रं शंभरपट वेगवान झाली तरी रिमोट स्क्रोलिंग पूर्वीइतकंच रडतं, त्याचं मोठं कारण हे.

---

अनुस्वार | बुधवार, सकाळी १०:३०

जाणकार जमलेच आहेत तर माझा प्रश्न घुसवते. मी घरून भाषांतराचं काम करते. ऑफिसच्या एका लिनक्स मशीनवर व्हीएनसीने, दुसऱ्यावर आरडीपीने (मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीने) जाते. व्हीएनसीत मराठी मजकूर कॉपी करून पलीकडे चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं. आणि आरडीपीत माझ्या घरच्या विंडोजवर मराठी टायपिंग चालू असलं तरी पलीकडे इंग्रजीच उमटतं. ऑफिसचे आयटीवाले म्हणतात, "मॅडम, मराठीचा प्रॉब्लेम आहे." मराठीचा कसला प्रॉब्लेम?

---

काटेकोर | बुधवार, सकाळी ११:४८

मराठीचा काहीही प्रॉब्लेम नाही, ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

प्रश्नचिन्हं : व्हीएनसीच्या मूळ नियमावलीत क्लिपबोर्डचा मजकूर लॅटिन-१ मध्येच पाठवायचा असं लिहिलंय. त्यात युरोपातली अक्षरं आहेत, देवनागरी नाही. पुढे सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८ चालणारा विस्तारित क्लिपबोर्ड आला. टायगरव्हीएनसीत तो १.१० पासून आहे. पण दोन्ही टोकांना हवा. एक टोक जुनं असलं की परत प्रश्नचिन्हं. दोन्हीकडच्या आवृत्त्या बघा.

गंमत म्हणजे व्हीएनसीत टंकलेलं अक्षर मात्र नीट जाऊ शकतं. तिथे कळीऐवजी अक्षराचा क्रमांक जातो. युनिकोडमध्ये "क" चा क्रमांक ०९१५, तो एक्सच्या पद्धतीने १०००९१५ होऊन जातो (दोन्ही षोडशमान).

आरडीपीत उलट. तिथे सहसा अक्षर जात नाही, कळीचा नंबर जातो. तुम्ही के दाबलं की "३७ नंबरची कळ दाबली" एवढाच निरोप. तिचा क करायचा की के, हे पलीकडचं मशीन ठरवतं. म्हणून घरच्या विंडोजवर इंग्रजीच राहू द्या आणि सत्राच्या आत, लिनक्सवर, इन्स्क्रिप्ट (मराठी कळफलक) लावा. इन्स्क्रिप्टमध्ये के वर क च आहे.

रोमनमध्ये लिहून मराठी करून देणारं साधन वापरत असाल तर तेही आतच बसवावं लागेल, आयबस हे लिनक्सचं टायपिंगचं साधन वापरून.

---

अनुस्वार | बुधवार, दुपारी १:१५

आयबस लावलं, चाललं! व्हीएनसीचं उत्तर आयटीला जसंच्या तसं पाठवलंय, तुमचं नाव न घेता.

अजून एक, हट्टाने. मध्यंतरी एका नव्या सर्व्हरवर एच.२६४ की काय लावून दिलं होतं. व्हिडिओ झकास, पण ट्रॅक चेंजेसमधली लाल अक्षरं धुरकट. रफार आणि अनुस्वार तर पुसल्यासारखे. माझ्या नावाला शोभेलसं आहे पण काम होत नाही.

---

पडद्यामागचा | बुधवार, दुपारी २:०९

हा दोष डोळ्यांचा नाही, ४:२:० चा. एच.२६४ सारख्या पद्धतीने व्हिडिओसाठी दाबताना उजेड पूर्ण बारकाईने ठेवतात, रंग मात्र आडवा-उभा निम्म्या बारकाईने. चेहऱ्याला, आकाशाला चालतं. पांढऱ्यावर लाल एक ठिपका जाडीची रेघ असली की तिचा रंग शेजाऱ्याकडे सांडतो. काळ्या अक्षराला कमी त्रास, लाल-निळ्याला फार. आरडीपी १० मध्ये यासाठीच रंगही पूर्ण बारकाईने ठेवणारा ४:४:४ चा प्रकार आणला, पण तो दोन्ही टोकांना जमायला हवा. मजकुराचं काम असेल तर रिमोटएफएक्सच्या घराण्यातलं काहीतरी बरं.

मास्तर, तुम्हालाही हे लागू. एक्सआरडीपी ०.१० मध्ये नवी जीएफएक्स पाइपलाइन (चित्र पाठवायची व्यवस्था) आली, ०.१०.२ मध्ये एच.२६४ आलं. तुमच्या डेबियन १२ मधलं ०.९ आहे. पुढे अपग्रेड करालच, तेव्हा एच.२६४ बघून भुलू नका. ते दाबायचं काम तुमच्या प्रोसेसरवरच होणार, सोळा पोरांचं.

---

लेजरवाली | बुधवार, दुपारी ४:३०

एक शंका. आम्हाला एकाने सांगितलं की साध्या विंडोज १० वर एक फाइल बदलली की पाच-सहा जण एकदम रिमोट लॉगिन करू शकतात, सर्व्हर घ्यायला नको. हे बरोबर आहे?

---

काटेकोर | बुधवार, सायंकाळी ५:०२

चालतं, पण परवान्यात बसत नाही. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन सत्रं मिळतात, त्यापुढे रिमोट डेस्कटॉप सेवा बसवून माणशी किंवा यंत्रामागे परवाना. परवाना-सर्व्हर लावेपर्यंत १२० दिवसांची सवलत असते आणि "आमचं तर फुकट चाललंय" म्हणणारे बहुतेक त्या १२० दिवसांतले असतात. शिवाय ती बदललेली फाइल कुठल्यातरी अपडेटनंतर बंद पडते. सीए ऑफिसात तो दिवस ३१ जुलैच असेल.

---

मास्तर_तालुक्याचे | शनिवार, रात्री ८:२०

तीन दिवस पूर्ण वापर झाला, मग लिहितोय.

मुद्दाम एकेक बदल केला. आधी नुसती केबल (मंगळवारी झालीच होती) : स्क्रोलिंग बरंच सुधारलं, पण प्रोसेसर तसाच लाल. म्हणजे केबल एकटी दोषी नव्हती. गुरुवारी सकाळी जुनी सत्रं मारली आणि आज्ञा सारख्या केल्या : भुताटकी बंद, पोरांना सोमवारचं सोमवारीच मिळतंय. गुरुवारी दुपारी एक्सएफसीई लावलं, कंपोझिटर काढला. तेव्हा टॉपच्या पडद्यावरून मुंग्यांची रांग गेली. आता सोळा पोरं बसली तरी निम्मे कोअर गप्प असतात. बफरची ओळही काढली, त्याने काही फरक दिसला नाही, काटेकोरांनी सांगितलं होतंच.

पोरांची प्रतिक्रिया : "सर, दिसायला जुनं झालं." जीनोमचा गोल-गोल चेहरा आवडत होता त्यांना. एकीने वॉलपेपर परत मागितला. स्थिर चित्र आहे, एकदाच जातं, दिला.

एक नवं विघ्न. रात्रीचा बॅकअप आता प्रत्येक पोराच्या घरात थिनक्लायंट-ड्राइव्ह्स (thinclient_drives) नावाच्या फोल्डरशी अडतो, "परवानगी नाही" म्हणतो. मी तर रूट (सगळे अधिकार असलेला) आहे!

---

पडद्यामागचा | शनिवार, रात्री ९:००

ते फोल्डर म्हणजे क्लायंटकडचे पेनड्राइव्ह आत दाखवायची खिडकी, फ्यूजवर (वापरकर्त्याने स्वतः फोल्डर जोडायच्या सोयीवर) चालते. फ्यूजमध्ये ज्याने जोडलं त्यालाच दिसतं, रूटलाही नाही. बॅकअपमधून ते नाव वगळा. पेनड्राइव्हची सोय नकोच असेल तर तो चॅनलच बंद करून टाका, तेवढंच ओझं कमी.

---

मास्तर_तालुक्याचे | शनिवार, रात्री ९:३५

वगळलं. पेनड्राइव्ह ठेवतो, पोरं प्रोजेक्ट त्यावरच आणतात.

कोटेशनचं : प्राचार्यांना कुरतडलेली केबल नेऊन दाखवली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, दोन मिनिटं बघितली आणि विचारलं, "याचे साडेचार लाख?" मागणी तूर्त मागे घेतली आहे.

---

टवाळ | शनिवार, रात्री ९:४१

आणि त्या पास झालेल्या पोरीचं सत्र?

---

मास्तर_तालुक्याचे | शनिवार, रात्री ९:५८

मारायच्या आधी बघितलं. लिब्रेऑफिसमध्ये एक न जतन केलेलं पान उघडं होतं, नोकरीचा अर्ज, अर्धा. तिला फोन केला. म्हणाली, "सर, नोकरी लागली, बंद करा."